झिजण्याचं काम

टायर पंक्चर झाला तर दहा पावलांत कळतं. ब्रेक लागत नसेल तर त्याच्याही आधी कळतं. क्लचचं तसं नाही. तो महिनोन्‌महिने सांभाळून घेत घेत जातो. गावातल्या गावात, सपाट रस्त्यावर, दूध-भाजी आणायला निघालो की गाडी अगदी शहाण्यासारखी वागते. मग एके दिवशी मागे कुणीतरी बसलेलं असतं, समोर चढ असतो, आपण रेस पिळतो, इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी मात्र आहे त्याच चालीने जात राहते. काटा जागचा हलत नाही. दुसऱ्या दिवशी सपाटीवर पुन्हा सगळं ठीक, मग आपणही भास झाला असेल म्हणून सोडून देतो.

माझ्या शंभर सीसीच्या जुन्या मोटरसायकलने हे पसरणीच्या घाटात केलं. वाईहून पाचगणीला चढणारा हा घाट दहा-बारा किलोमीटरचाच, पण दुचाकीची लाज काढायला तेवढा पुरतो. सुट्टीच्या दिवशी महाबळेश्वरला निघालेल्या मोटारींची रांग, त्या रांगेत अडकलेली एसटी, आणि तिच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हाफ क्लचवर लोंबकळणारे आपण. मागे पुतण्या होता. "काका, पिस्टनचं काम निघालं बहुतेक," तो म्हणाला. पिकअप गेला म्हणजे पिस्टन गेला, हे निदान आपल्याकडे कुणीही, कुठेही, फुकट करून देतो.

खरं तर इथेच थोडं थांबून कान द्यावा. इंजिन थकलं असेल तर आवाजही थकतो. रेस पिळली तरी तो वर जात नाही, धाप लागल्यासारखा घुमत राहतो. क्लच घसरत असेल तर आवाज तरणाबांड आणि चाल म्हातारी. इंजिनात ताकद तयार होतेय, पण ती चाकापर्यंत पोचत नाही, वाटेतच तिची उष्णता होतेय. चेन-स्प्रॉकेट झिजले असतील तर गाडी हिसके देते, खालून कडकड ऐकू येते. क्लच घसरताना हिसका नसतो, सगळं गुळगुळीत असतं. लांब चढानंतर येणारा करपट वास आणि पेट्रोलचं घसरलेलं ॲव्हरेज हे आणखी दोन साक्षीदार. जुन्या बुलेटवाल्यांना तर घाटापर्यंतही जावं लागत नाही. त्या गाडीची किक गिअरबॉक्समधून, क्लचमार्गे इंजिनाला फिरवते. त्यामुळे क्लच घसरत असला की किकच पोकळ लागते. पाय खाली जातो आणि इंजिन ढिम्म हलत नाही.

खात्रीसाठी एक साधी परीक्षा आहे. मोकळ्या रस्त्यावर गाडी टॉप गिअरमध्ये हळू चालवावी आणि एकदम पूर्ण रेस द्यावी. क्लच धड असेल तर गाडी कुरकुरते, पण आवाज आणि वेग जोडीने वाढतात. नसेल तर आवाज एकटाच पुढे पळतो. माझ्या गाडीचा पळाला.

आमच्या आळीच्या तोंडाशी एक मिस्त्री आहेत. वयाने माझ्याहून मोठे, पण मी शाळेत शिकवायचो म्हणून मला 'सर' म्हणतात. क्लच घरीच खोलायचा म्हणतोय असं सांगितल्यावर त्यांनी धंदा बुडाला म्हणून तोंड वाकडं केलं नाही. एवढंच म्हणाले, "सर, खोलायची घाई नको. आधी बाहेरनं बघा. लिव्हर, वायर, ऑइल. तिन्ही ठीक असली तरच कव्हरला पाना लावा." त्यांच्या धंद्यातलं शहाणपण या क्रमात आहे. जे फुकट तपासता येतं ते आधी, जे खोलावं लागतं ते शेवटी.

लिव्हरला थोडी ढिलाई लागते. टोकाशी मोजली तर दहा ते वीस मिलिमीटर लिव्हर नुसतीच हलली पाहिजे, तिथवर वायरीला ताण येता कामा नये. ही ढिलाई नसेल तर लिव्हर सोडल्यावरही वायर क्लचला किंचित ओढून धरते, प्लेटा पुरत्या दाबल्या जात नाहीत आणि क्लच घसरतो. गंमत अशी की प्लेटा झिजल्या की ही ढिलाई वाढत नाही, उलट कमी होते. झिजलेल्या प्लेटा एकमेकींच्या जवळ सरकतात, त्यांना दाबणारा भाग जागचा हलतो आणि वायरीच्या टोकाशी असलेली मोकळीक खाऊन टाकतो. आत काहीतरी झिजतंय याची पहिली खबर बाहेर ताणाच्या रूपाने येते. पुष्कळदा क्लचचा आजार एवढाच असतो आणि वायरीचा ॲडजस्टर दोन-चार फेरे फिरवला की पळतो. माझ्या गाडीचा ॲडजस्टर मात्र आधीच टोकाला पोचलेला होता. वायर धड होती, कुठे तार तुटलेली नव्हती, लिव्हरही सोडल्याबरोबर जागेवर येत होती.

मग ऑइल. आपल्या बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये नांदतात. मोटारीचा क्लच कोरडा आणि इंजिनापासून वेगळा असतो, म्हणून मोटारीच्या ऑइलने निसरडं होण्यात कुणाचं नुकसान नाही. पेट्रोल वाचावं म्हणून अशा कित्येक ऑइलांत घर्षण कमी करणारी रसायनं मुद्दाम घातलेली असतात. तेच ऑइल मोटरसायकलमध्ये ओतलं की क्लचची पकड सुटते. जपानी वाहन उद्योगाने १९९८ मध्ये यासाठी 'जासो टी ९०३' नावाचं मानक आणलं: ओल्या क्लचला चालणारं ऑइल 'एमए', आणि कमी घर्षणाचं, स्कूटरसारख्या वाहनांसाठी 'एमबी'. डब्याच्या मागे बारीक अक्षरात हे छापलेलं असतं आणि दुकानात ते वाचणारा माणूस क्वचित दिसतो. माझ्या डब्यावर 'एमए' होतं. म्हणजे आता कव्हर खोलणं आलं.

ओसरीवर पोतं अंथरलं, गाडी मधल्या स्टँडवर घेतली. इंजिन थोडं गरम करून ऑइल काढायला परात घेतली तेव्हा आतून आवाज आला, "अहो, ती परात नाही हं. ती श्रीखंडाची आहे." शेवटी एक जुनी प्लॅस्टिकची घमेली मिळाली. किक आणि पायदान काढलं. उजवीकडच्या कव्हरचे बोल्ट दिसायला सगळे सारखे, डोकी सगळ्यांची आठच्या पान्याची, पण लांबी वेगवेगळी. लांब बोल्ट आखूड जागी बसवला तर तो तळाला टेकतो, आणि आपल्याला वाटतं कसला गेला. कव्हर तिथे ऑइल गाळत राहतं. म्हणून एका पुठ्ठ्यावर कव्हरची आकृती काढली, भोकं पाडली आणि जो बोल्ट जिथून निघाला तो तिथेच खोचला. पुतण्याने मोबाइलवर फोटोही काढले होते, पण पुठ्ठ्याची सर त्यांना आली नाही. फोटोत बोल्टची डोकी दिसतात, लांबी दिसत नाही.

कव्हर कडेने लाकडी हातोडीने हलकेच ठोकलं, तेव्हा चिकटलेलं पॅकिंग सुटलं आणि क्लच समोर आला. चार स्प्रिंगांचे चार बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, प्रत्येक थोडा थोडा ढिला करायचा. एकच पूर्ण काढला तर उरलेल्या तिघांवर सगळा जोर येतो आणि ॲल्युमिनियमचे आटे उडतात. स्प्रिंगा निघाल्या की मध्ये खाचा असलेला नट. त्याला साधा पाना लागत नाही. चार दात असलेला खास पाना मिस्त्रींनी दिला, "दोन दिवसांत परत आणा" असं बजावून. गाडी टॉप गिअरमध्ये टाकली, पुतण्याने मागच्या ब्रेकचा रॉड ओढून चाक जाम धरलं, तेव्हा कुठे नट हलला. काही गाड्यांत हा नट काढावाच लागत नाही, स्प्रिंगा काढल्या की प्लेटा हातात येतात. आपली गाडी कोणत्या जातीची हे खोलण्याआधी विचारून घ्यावं.

प्लेटा बाहेर आल्या. अस्तराच्या चार, मधल्या पोलादी तीन. अस्तराच्या प्लेटांवर चौकोनी ठोकळ्यांची नक्षी असते, ठोकळ्यांमध्ये ऑइल निघून जायला चर. नव्या प्लेटेवर हे चर बोटाला लागतात. माझ्या प्लेटांवर ते डोळ्यांना दिसत होते, बोटाला जेमतेम कळत होते. पृष्ठभाग काळा, तुळतुळीत, काचेसारखा चकाकणारा. नाकाशी नेल्या तर घाटातला तोच करपट वास. पोलादी प्लेटांपैकी एकीवर निळसर डाग होता. पोलाद फार तापलं की असा रंग धरतं. व्हर्निअर लावला. नवी प्लेट साधारण तीन मिलिमीटर, गाडीच्या पुस्तिकेतली मर्यादा २.६. माझ्या चारही त्या मर्यादेच्या खाली, २.५ च्या आसपास.

अर्धा मिलिमीटर म्हणजे किती? नुसता ऐकला तर हसू येतं. पण चार प्लेटांचे मिळून दोन मिलिमीटर झाले. तेवढ्याने स्प्रिंगा सैल पडल्या, त्यांचा दाब उतरला. दाब उतरला म्हणून प्लेटा घसरल्या, घसरल्या म्हणून तापल्या, तापल्या म्हणून आणखी तुळतुळीत झाल्या आणि अधिकच घसरल्या. म्हणूनच क्लच झिजतो वर्षानुवर्षं, पण एकदा घसरू लागला की उरलेलं आयुष्य काही दिवसांत संपवतो.

सात प्लेटा ओळीने मांडल्यावर मनात प्रश्न आला: इतक्या कशाला? एकच मोठी का नाही? याचं उत्तर फार जुनं आहे. घर्षण हे पृष्ठभाग किती पसरट आहे त्यावर नाही, तो किती जोराने दाबला आहे त्यावर ठरतं, हा नियम गिओम आमोंताँ या फ्रेंच माणसाने १६९९ मध्ये मांडला. त्याच्याही दोनशे वर्षं आधी लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांत तो येऊन गेलेला होता, पण वह्या कुणी वाचल्या नाहीत. पुढे कुलाँबने तो प्रयोगांनी पक्का केला. म्हणजे नुसती प्लेट रुंद करून पकड वाढत नाही. दाब वाढवायला हवा. पण दाब वाढवायचा तर स्प्रिंगा कडक हव्यात आणि त्या कडक स्प्रिंगा दिवसातून शेकडो वेळा दाबणार कोण? आपला डावा पंजा. त्याची ताकद ठरलेली. मग कारागिरांनी वेगळी वाट काढली. तोच दाब एकामागे एक अनेक प्लेटांतून जाऊ द्यायचा. स्प्रिंगांचा जोर वाटला जात नाही, प्रत्येक जोडीला तो पुरताच्या पुरता मिळतो. चार अस्तरी प्लेटांच्या आठ बाजू, म्हणजे त्याच दाबात आठपट पकड. शिवाय हा क्लच ऑइलात बुडालेला. कोरड्या अस्तराचा घर्षणांक साधारण ०.३ ते ०.४, ऑइलात तो ०.१ च्या आसपास उतरतो. पकड जाते, पण उष्णता ऑइल वाहून नेतं, झीज मंदावते, क्लच गुळगुळीत लागतो. गेलेली पकड पुन्हा प्लेटांच्या संख्येने भरून काढायची. इटलीच्या डुकाटीने वर्षानुवर्षं कोरडे क्लच बसवले. त्यांच्या खडखडाटावर जीव टाकणारे लोक जगभर आहेत. आपल्याला घाट चढून दूध नासायच्या आत घरी यायचं असतं, आपल्याला ओलाच बरा.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त विचार करायला लावलं ते त्या तुळतुळीत अस्तराने. गाडी थांबलेली असते, इंजिन फिरत असतं. एक स्थिर, एक धावतं. दोघांना एकदम जोडलं तर दाते तुटतील, चेन तुटेल किंवा इंजिन बंद पडेल. म्हणून मध्ये कुणीतरी घसरावं लागतं. प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक गतिरोधकानंतर हे अस्तर थोडं घसरतं आणि दोघांचा वेग एक करून देतं. घसरणं हा त्याचा दोष नाही, तेच त्याचं काम. दोष तेव्हा, जेव्हा काम संपल्यावरही ते घसरत राहतं. आणि प्रत्येक घसरण्याची किंमत आहे. ती कुणी मोजायची हे यंत्र बनवणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. गिअरचे दाते झिजता कामा नयेत, क्रँक झिजता कामा नये. त्या सगळ्यांच्या वाटणीचं हे अस्तर झिजेल. ते स्वस्त ठेवलंय, बदलता येईल असं ठेवलंय, त्याच्या झिजण्याची हद्द दशांश चिन्हापर्यंत लिहून ठेवली आहे.

आपल्याकडे झिजण्याचं कौतुक मोठं. चंदनासारखं झिजावं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. सत्काराच्या भाषणात, वर्षश्राद्धाच्या लेखात चंदन असतंच. पण चंदन किती उरलं हे कुणी मोजत नाही. सहाणेवर बोटाएवढा तुकडा राहिला तरी आपण वासच घेत असतो. यंत्राच्या जगात भाबडेपणा कमी आहे. तिथे झिजणाऱ्याची आरती नाही, पण त्याची जाडी मोजली जाते आणि हद्द आली की त्याला सोडवलं जातं. मला हे अधिक माणुसकीचं वाटतं.

अर्थात झिजलेलं कुठे जातं, हा प्रश्न यंत्रवाल्यांनीही बराच काळ टाळला. १८९७ मध्ये इंग्लंडच्या डर्बीशरमध्ये हर्बर्ट फ्रूडने ब्रेकच्या अस्तरांचा कारखाना काढला, तोच पुढे 'फेरोडो' म्हणून जगभर गेला. डोंगरउतारावरचे गाडीवान ब्रेकच्या लाकडाला जुने बूट ठोकतात हे पाहून त्याला ही कल्पना सुचली, असं सांगतात. पुढे अस्तरांत ॲस्बेस्टॉस आलं, कारण ते उष्णतेला दाद देत नाही. ब्रेकची, कोरड्या क्लचची भुकटी गॅरेजमधल्या माणसांनी वर्षानुवर्षं फुंकून उडवली आणि तिचे तंतू त्यांच्या फुफ्फुसात गेले. ॲस्बेस्टॉसने कर्करोग होतो हे आता निर्विवाद आहे. ओल्या क्लचची झीज हवेत उडत नाही, ती ऑइलात उतरते. घमेलीतलं ते काळं ऑइल म्हणजे अर्धं माझ्या क्लचचं चरित्रच होतं. ते गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नये. कायद्याने तो घातक कचरा आहे. बाटलीत भरून मिस्त्रींना दिलं. त्यांच्याकडून ते गोळा करणारे घेऊन जातात.

बसवणं हे खोलण्याहून शांतपणे करायचं काम. नव्या प्लेटा आणि नव्या स्प्रिंगा, दोन्ही पूर्ण संच. चारांतल्या दोनच बदलण्याची काटकसर कामाची नाही. नव्या प्लेटा रात्रभर ताज्या ऑइलात भिजत ठेवल्या. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच चढाला करपतात. पोलादी प्लेटा काचेवर ठेवून वाकल्यात का ते पाहिलं. निळा डाग असलेली एका कडेला काचेवरून उचललेली निघाली, तिलाही निरोप दिला. बाहेरच्या घंगाळात, म्हणजे क्लचच्या बेलमध्ये, प्लेटांचे कान ज्या खाचांत सरकतात त्या खाचांच्या कडांवर कानांनी खड्डे पाडलेत का, हे बोट फिरवून बघितलं. तसे खड्डे असतील तर प्लेटा अडकतात आणि क्लच सुटता सुटत नाही. जुनं पॅकिंग ब्लेडने खरवडताना कव्हरवर ओरखडा उमटू दिला नाही, कारण तिथूनच पुढे थेंब थेंब गळती लागते. स्प्रिंगांचे बोल्ट पुन्हा समोरासमोर, पुन्हा थोडे थोडे. सहाचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये आवळताना मनगट पुरे, दंड नको. पुठ्ठ्यावरचा प्रत्येक बोल्ट आपापल्या भोकात गेला. नवं ऑइल, डब्यावर 'एमए' वाचून. शेवटी वायरीची ढिलाई.

पाना परत करायला गेलो तेव्हा मिस्त्रींनी विचारलं, "किती वेळ लागला?" मी सांगितला. ते हसले. त्यांना तेच काम चहा थंड व्हायच्या आत जमतं. पैशाचा हिशेब केला तरी मजुरीचे चार-पाचशे वाचवायला माझी सगळी सुट्टी गेली. घरी केलेल्या कामाचा फायदा खिशात शोधू नये. तो लिव्हरवर बोटं ठेवताना मिळतो: आत कोण घसरतंय, कशासाठी घसरतंय आणि किती उरलंय, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की हाफ क्लचवर लोंबकळायची सवय आपोआप सुटते. घाटात पुढची गाडी थांबली की आता मी गाडी न्यूट्रल करून ब्रेकवर धरतो.

तुम्ही पाना हातात घेणार नसाल तरी एक करा. उद्या सकाळी गाडी सुरू करण्याआधी क्लचच्या लिव्हरचं टोक एका बोटाने दाबून बघा. ते सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर नुसतं हललं पाहिजे. हलत नसेल तर वायर सैल करून घ्या आणि प्लेटा तपासून घ्या. आत कुणीतरी तुमच्यासाठी झिजतंय. त्याला बदलायची वेळ झाली का, एवढं विचारायला एक बोट पुरतं.